अस्तर उसवलेला कोट

प्रिय गुंडी,

पत्राबरोबर पार्सल आलं असेल. ते लगेच फोडू नकोस. खायचं काही नाही त्यात. माझा राखाडी कोट आहे, नव्या नोकरीआधी तू घरी आलीस तेव्हा घातला होता तो. आधी हे पत्र वाच आणि मी सांगेन तिथे दोरी सोड. सोड म्हटलंय, कापू नकोस. दोरी चांगली आहे, तुझी आई परत मागेल.

अक्षर बघून घाबरू नकोस. हात थरथरत नाहीत, बोटांची टोकं बधिर झालीत एवढंच. केमोतलं एक औषध नसांवर असं करतं म्हणे. पेन बोटांत आहे की नाही ते मला बघून खात्री करावी लागते. परवा दुकानात बसलो होतो, काजं करता करता तुझ्या काजकाकाने एक सदरा पुढे केला, म्हणाला, मास्तर, नुसती धावदोऱ्याची एक ओळ घाला, हाताला बरं वाटेल. घातली. कापडावर लाल ठिपका उमटला तेव्हा कळलं की सुई बोटात गेली होती. काजकाका म्हणाला, "आता बोटातलं अंगुस्तान मला देऊन टाका, तुम्हाला काय उपयोग?" दोघंही हसलो. मग तो बराच वेळ मशीनला तेल घालत बसला. सकाळीच घातलं होतं त्याने तेल.

फोनवर का बोलत नाही, म्हणशील. एक तर तोंडात फोड आलेत, शब्द चावून चावून बाहेर काढावे लागतात. दुसरं म्हणजे फोनवर तू गप्प झालीस की मी घाबरून विषय बदलतो. हवामानाचं विचारतो, तुझ्या प्रयोगशाळेत तपासायला येणाऱ्या पाण्याचं विचारतो. गेल्या आठ दिवसांत मी तुला पाण्याबद्दल इतकं विचारलंय की आता मलाच नोकरीवर घेतील. पण तू जे विचारलंस त्याचं उत्तर दिलेलं नाही. तू एका ओळीत कळवलं होतंस, मी तयार आहे बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा. आणि मी म्हटलं, बघू. पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचंय. तुझ्या पेशी घ्यायच्या की नाही घ्यायच्या. त्यांना 'बघू' चालत नाही.

तुला डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलंच आहे, पण मी काय समजलोय ते एकदा माझ्या तोंडून ऐक. मी शाळेत फार गेलो नाही हे तुला माहीत आहे. वाचायला शिकलो ते जुन्या वर्तमानपत्रांवर कपड्यांचं कटिंग काढता काढता. त्यामुळे मला सगळ्या बातम्या अर्ध्याच माहीत असायच्या, उरलेली बातमी बाहीत गेलेली असायची. पण या आजाराची बातमी मी पुरी वाचलीय. आठ वर्षं जो ल्युकेमिया माझ्या रक्तात एखाद्या मुक्कामी पाहुण्यासारखा गुमान बसून होता, त्याने रूप पालटलं. तो आता लिम्फोमा झालाय, आणि हा बसणाऱ्यातला नाही, पळणाऱ्यातला आहे. थोड्याच लोकांच्या वाट्याला असं येतं म्हणे. मला आयुष्यात कधी सोडतीत साधा कंगवासुद्धा लागला नाही, तो नंबर इथे लागला.

चार केमो झाल्या. सरबतासारखं दिसणारं ते लाल औषध हातातून आत जाताना मी आता त्याच्याकडे बघतही नाही. त्यानंतर पाच दिवस ज्या पांढऱ्या गोळ्या असतात, त्यांनी मला भूक लागते आणि तोंड सुटतं. तुझी आई म्हणते, "लग्न झाल्यापासून जेवढं बोलला नाहीत तेवढं या पाच दिवसांत बोलता. गोळ्या आधी मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं." सहाव्या दिवशी गोळ्या संपतात आणि मी भिंतीकडे तोंड करून पडतो. मग ती नुसती पायाशी बसते.

स्कॅनमध्ये गाठी बऱ्याच आटल्यात. मानेवरची तर हाताला लागत नाही, अर्थात माझ्या हाताला आता काय लागतंय म्हणा. पण पोटातली एक अजून धुगधुगतेय. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सरळ आहे. जुन्या आजारातून उठलेला हा नवा आजार औषधाने दबतो, पण बहुतेकदा फिरून येतो, आणि आला की पहिल्यापेक्षा हट्टी असतो. आता दबलाय तोवर दुसऱ्याच्या मूळपेशी घालून रक्ताचा कारखानाच बदलायचा. भाऊबहीण मला नाहीत. मुलं निम्मी जुळतात, आणि निम्म्यावर आता भागतं. तुला चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग काही तास यंत्राजवळ बसणं, थोडी हाडं दुखतील, एवढंच. माझ्या बाजूने मात्र जोखीम आहे. जंतू लागू शकतात. तुझ्या पेशी माझ्या अंगाशी भांडू शकतात. मी त्यांना म्हटलं, भांडू देत, तिला लहानपणापासून सवय आहे. त्या हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "काका, कधी कधी ते भांडण आवरत नाही." मी विचारलं, किती जण यातून सुखरूप घरी जातात? त्या म्हणाल्या, निम्म्यांच्या पुढे मी आकडा सांगणार नाही. खरं बोलणारी बाई आहे. मला आवडते.

तर मी नाही का म्हणत होतो? तुला वाटलं असेल बाबा मरणाला भितात, किंवा जगायला कंटाळलेत. दोन्हींतलं काही नाही. तुझं एक वाक्य माझ्या कानात बसलंय, ते काही केल्या निघत नाही.

पहिल्या केमोच्या दिवशी तू धावत आलीस. बाहेरच्या बाकावर आईजवळ बसली होतीस, दार उघडं होतं. तू आईला म्हणालीस, "मी त्यांना मिठी मारली होती गं. माझ्या हातांना कळायला हवं होतं." आणि आपल्या तळव्यांकडे बघत राहिलीस. पुढे तू हेच फोनवर मला दोनदा म्हणालीस. मी दोन्ही वेळा हवामानाचं विचारलं.

आता मागचं सांगतो, जरा सावकाशीने. तू लहान असताना कटिंगच्या टेबलाखाली बटणांचा डबा घेऊन बसायचीस, म्हणून तर तुझं नाव गुंडी पडलं. तिथून तुला गिऱ्हाइकांचे फक्त पाय दिसायचे, आणि तू पायांवरून ओळखायचीस कोण आलंय ते. एकदा तू मला विचारलंस, बाबा, तुम्ही टेप लावून मग उगाच गप्पा का मारता? मी तुला कानात सांगितलं होतं. टेप अंगाला लागली की माणूस श्वास रोखतो. पोट आत घेतो, छाती पुढे काढतो, जसं असावंसं वाटतं तसा उभा राहतो. त्या मापाचा कपडा शिवला तर घरी जाऊन बटण लागत नाही. म्हणून मुलाबाळांचं विचारायचं, वाट बघायची. श्वास सुटला की टेप वाचायची आणि मापवहीत लिहायची. आणि कोण जाडावलंय, कोण वाळलंय, हे तोंडाने कधी बोलायचं नाही. वहीला कळलं म्हणजे झालं.

चाळीस वर्षांच्या त्या वह्यांत सगळ्या गावाची मापं आहेत. माझं मात्र एकही नाही. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हात उचलला की छाती बदलते. माझे कपडे मी नेहमी अंदाजाने शिवले, आणि कुठे ढिलं वाटलं की तिथल्या तिथे आत घेतलं. शिंप्याने कंबरेला फुगा आलेली पॅन्ट घालून दुकानात उभं राहायचं म्हणजे आपल्याच तोंडाला आपण काळं फासायचं. तर यंदाच्या उन्हाळ्यात अशीच एक पॅन्ट ढिली वाटली. आत घेतली. तीन आठवड्यांनी परत घेतली. सदऱ्याची कॉलर डाव्या बाजूला काचायला लागली, तेव्हा ती सोडवून बोटभर वाढवली. कंबर आत आणि गळा बाहेर, हे असं कुठल्या माणसाचं होतं, असा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या कपड्यावर मला पहिल्याच टाक्याला पडला असता. स्वतःच्या कपड्यावर पडला नाही. काजकाकाला पडला होता. तिसऱ्यांदा तीच पॅन्ट मशीनवर बघून तो म्हणाला, "काय मास्तर, हे गिऱ्हाईक लई चिकट दिसतंय, सारखं तेच काम घेऊन येतं." मी म्हटलं, तू तुझी काजं कर.

त्याच महिन्यात दवाखान्यातून फोन आला. दर सहा महिन्यांची तपासणी त्या खेपेला फोनवरच होती, रक्ताचा कागद ठीक आला होता. नर्सबाई यादी वाचून एकेक विचारत होती. ताप येतो का? म्हटलं, कधीमधी कणकण असते. झोपेत घाम येतो का? म्हटलं, उन्हाळा आहे. कपडे सैल झालेत का? आणि मी अगदी छाती काढून सांगितलं, "छे हो, एकदम अंगासरशी बसतात." तिने तसं लिहून घेतलं. खोटं नव्हतं बोललो मी, गुंडी. कपडे खरंच अंगासरशी होते. वजनकाट्यावर उभा राहिलो असतो तर अकरा किलो कमी भरलो असतो, पण मी तर रोज आरशात एक नीटनेटका माणूस बघत होतो. बाकीची माणसं आजार अंगावर काढतात. मी तो अंगावर शिवून घेतला.

आता पुढचं ऐक. इथपर्यंत तुला थोडंफार माहीत होतं, आणि तू ते हसण्यावारी नेऊन सगळ्यांना सांगितलंसही, आमच्या बाबांचं बघा कसं. लोकांना वाटतं, तिथेच चूक संपली. मीही तसं वाटू दिलं.

नर्सबाईच्या त्या फोननंतर तीन आठवड्यांनी तू येणार होतीस. नव्या शहरातलं काम घ्यायचं की नाही हे ठरवायला दोन दिवस घरी येते, म्हणालीस. मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख, आणि हाताखाली पंधरा माणसं. तू याआधी एकदा असं काम सोडलं होतंस, आईच्या ऑपरेशनच्या वेळी. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून सोडलंस आणि वर्षभर हसत राहिलीस. मी ते हसणं बघितलंय. तू येण्याच्या चार दिवस आधी मी अंघोळीनंतर खांदे पुसत होतो, तर टॉवेल हाडाला अडकला. तोवर मी बघायचं टाळत होतो. त्या दिवशी बघितलं. मानेवर सुपारीएवढी गाठ होती, आणि घामाने बनियन पिळून काढावा लागत होता, तो काही उन्हाळ्याचा घाम नव्हता. मला कळलं. पुरतं नाही, पण पुरेसं कळलं.

मी दवाखान्यात जायला हवं होतं. मी दुकानात गेलो. काजकाकाला लवकर घरी पाठवलं आणि, पावसाचा गारवा पडला होता म्हणून, राखाडी कोट काढला. तुझ्या आईने संध्याकाळी बघितलं मी काय करतोय ते. ती म्हणाली, "हे तुम्ही तिच्याशी बरं करत नाही आहात." मी तिला गळ घातली, फक्त दोन दिवस गप्प राहा, ती गेली की दुसऱ्या दिवशी दवाखाना. तू आलीस तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही, आठवतं? भांडी फार वाजत होती. तुला वाटलं, तुझ्यासाठी राबतेय. तिला तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तिला काही बोलू नकोस. तिने तोंड बंद ठेवलं, पण ते मी बंद केलेलं होतं.

आणि तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. म्हटलं, तू तिथे रुळलीस की जाऊ. एक आठवडा, दोन आठवडे, असे पाच गेले. शेवटी कॉलरचं वरचं बटण कुठेच पोचेना आणि मी जिना चढून धापा टाकत बसलो. तेव्हा काजकाकाने मला दंडाला धरून उठवलं. "मास्तर, आता याला नवं काज पाडायला जागा उरली नाही," म्हणाला, "चला." रिक्षात तो माझा दंड सोडत नव्हता. चिमटीत मावत होता त्याच्या. मी डॉक्टरीणबाईंना नंतर विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, कदाचित पोटातली ही गाठ इतकी चिवट झाली नसती, कदाचित झालीच असती, मला सांगता येत नाही. मी त्यांना अजून एकदा विचारणार नाही. तूही विचारू नकोस.

आता दोरी सोड आणि कोट बाहेर काढ. डाव्या बाजूचं अस्तर मी काखेपासून खालपर्यंत उसवून ठेवलंय. पूर्वी मला हे काम दहा मिनिटांचं होतं, आता चार दिवस लागले. काजकाका दोनदा म्हणाला, आणा इकडे, मी करतो. दिला नाही. माझे टाके मीच काढायला हवे होते. आत हात घाल. खांद्याला दुहेरी पॅड आहे. छातीवर कापसाचे तीन थर आहेत, पाठीला दोन, आणि दंडात गोल करून भरलाय, तू धरशील तिथे. तू दारात आलीस आणि मला घट्ट धरलंस आणि म्हणालीस, "भरलात हो बाबा, छान झालं." गुंडी, तुझ्या हातांनी काही चूक केली नाही. त्यांच्यात आणि माझ्यात मी कापूस भरला होता. चाळीस वर्षांत मी इतका चांगला कोट दुसरा शिवला नाही. तू त्या कोटाला मिठी मारलीस आणि नव्या कामाला गेलीस.

हे सांगितल्याशिवाय मला तुझ्याकडून काही घेता येत नव्हतं, म्हणून हे पत्र. तुझ्या पेशी माझ्या अंगात रुजल्या नाहीत, किंवा ते भांडण आवरलं नाही, तर तू पुन्हा आपल्या तळव्यांकडे बघत बसशील आणि म्हणशील, मी कमी पडले. आधीचंच एक ओझं मी तुझ्या हातांवर फुकटचं ठेवलंय, त्यावर दुसरं कसं ठेवू? आठ दिवस 'बघू, बघू' म्हणत होतो ते यासाठी. आता पहिलं ओझं उचलून घेतलंय. तू चिडशील. चिड. आपलं काम बघायचं की बापाजवळ थांबायचं हे तुझं तुला ठरवायचं होतं, ते मी तुझ्या वतीने ठरवून मोकळा झालो, याला माफी नाही, आणि ती मी मागत नाही. मागतोय ते वेगळंच. मला जगायचंय, गुंडी. आतापर्यंत हे मी कुणाला म्हटलं नाही, तुझ्या आईलाही नाही. तुझ्या पेशी मला हव्यात. हे सगळं वाचून तुझं मन फिरलं तर डॉक्टरीणबाईंना परस्पर नाही म्हणून कळव, मी कुणाला का म्हणून विचारणार नाही. पण हो म्हणालीस तर सोमवारच्या आत ये, आणि कपाटातली ती जुनी टेप घेऊन ये, तू शाळेत असताना तुला दिलेली. दवाखान्यातला सैल झगा मला पोत्यासारखा होतो, एक सदरा नीट बेतायचाय. शिवेल काजकाका, पण माप तू घे. छाती, खांदा, दंड, कंबर, जे भरेल ते वहीत लिही, आणि या वेळी तोंडानेही बोल. गप्पा मारत थांबायची गरज नाही. मी श्वास सोडून उभा राहीन.

तुझाच, जसा आहे त्याच मापाचा,
बाबा